पीडीएफमधलं थ्रीडी मॉडेल नुसतं चित्रासारखं दिसतं, फिरत नाही. काय करू?

फाइल ब्राउझरमध्ये उघडली असेल तर बंद करा, तिथे मॉडेल हलतच नाही. कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. वर पिवळी पट्टी येईल, तिथे थ्रीडीला परवानगी द्या (फाइल ओळखीच्याकडून आली असेल तरच!) आणि मॉडेलवर क्लिक करा. आता माउसने ओढलं की फिरेल. फिरवता फिरवता उलटंपालटं झालं, तर टूलबारवरचं घराचं चिन्ह दाबा, मूळ दृश्य परत येतं.

आमच्या रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये पंपाचा इंपेलर (आतलं फिरणारं चाक) बघायचा असतो, पण केसिंग (बाहेरचं कवच) आड येतं. रेंडर मोडमध्ये (मॉडेल कसं दिसावं ते ठरवणारा पर्याय) 'ट्रान्स्परंट' म्हणजे पारदर्शक निवडलं की आतलं दिसतं, पण सगळंच धूसर होतं. त्यापेक्षा मॉडेल ट्री (मॉडेलच्या भागांची यादी) उघडून केसिंगसमोरची टिक काढा. फक्त तेवढाच भाग गायब.