महाराष्ट्रात नगरपालिकेच्या निर्णयावर लोकांचं थेट मतदान घेता येतं का? स्वित्झर्लंडसारखं आपल्याकडे चालेल का?

घेता येतं, पण एकाच विषयावर: दारूचं दुकान. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचा लिलाव, कर्ज, उड्डाणपूल, यातल्या कशावरही महाराष्ट्रातल्या शहरी माणसाला थेट मत देण्याचा हक्क नाही. नगरपरिषदांचा कायदा 1965 चा आहे, मुंबई सोडून बाकी महापालिकांचा 1949 चा. दोन्हींत सार्वमत नाही. विकास आराखड्यावर हरकती-सूचना देता येतात, सुनावणी होते, पण शेवटचा शब्द तुमचा नसतो.

एवढं लिहून थांबणार होते. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आपले लोक अजून यासाठी तयार नाहीत असं वाटतं.’ हे वाक्य मी माझ्या जेठांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. आमच्या वॉर्डातल्या बायका तयार होत्या. नियम तयार नव्हता, यादी तयार नव्हती.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचं आमचं गाव, तालुक्याचं ठिकाण, नगरपालिका आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली, 1 एप्रिल 2017 पासून. निकाल चांगल्या हेतूने होता, पण दुकानं जाणार कुठे? आमच्या रस्त्यावरचं देशीचं दुकान उठलं आणि थेट आमच्या वस्तीत आलं, अंगणवाडीच्या पुढच्या वळणावर. जुलै 2017 मध्ये न्यायालयाने शहरहद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली, पण तोवर आमच्याकडचं दुकान जागा धरून बसलं होतं. परत कशाला जाईल? गिऱ्हाईक आता घरापासून पन्नास पावलांवर होतं.

मी शिवणक्लास घेते. बायका माझ्याकडे मशीनवर बसतात, ब्लाउज शिकतात आणि बोलतात. सकाळी दहालाच दुकानासमोर पडलेली माणसं, शाळेतून एकटी यायला घाबरणाऱ्या पोरी, मजुरीचे पैसे घरी पोचायच्या आधीच संपणं, हे सगळं त्या खोलीत रोज निघायचं. तिथेच कळलं की सरकारचा 2008 चा एक आदेश आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. हा आदेश गावासारखाच शहरातल्या वॉर्डालाही लागू आहे, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

सह्या गोळा करताना जे पाहिलं ते मला आजही अभिमानाचं वाटतं. ज्या घरात नवरा रोज पितो, त्या घरातली बाई सगळ्यात आधी पुढे आली. एका आजीने अंगठा द्यायचं नाकारलं, म्हणाली सहीच करणार, आणि नातीकडून दोन संध्याकाळी आपलं नाव गिरवायला शिकली. पडताळणीला बायकांना बोलावलं तेव्हा दुकानाशी संबंधित माणसं बाहेर उभी होती, कोण येतंय ते बघत. तरी बायका आल्या. काहींची सही बाद झाली, कारण यादीत माहेरचं नाव आणि सही सासरच्या नावाची. तेवढ्या पुन्हा भरून काढल्या.

मतदानाची तारीख पडली ऐन कापूस वेचणीत. ज्यांना खान्देश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि बाया उजाडताच गाडीत बसून शेतात जातात. एक दिवस बुडणं म्हणजे त्या दिवसाचा किराणा बुडणं. शिवाय काही घरं ऊसतोडीला गेलेली, काही सुरतेला. तारीख पुढे-मागे करा म्हणून विनंती केली, ती मानली गेली नाही. तरीही शाळेतल्या त्या केंद्रावर सकाळपासून रांग होती. माझ्या क्लासमधली एक जण दुपारी शेतातून परत आली, मालकाने अर्ध्या दिवसाचं वजन धरलं नाही, आणि मला म्हणाली, ‘मजुरी बुडनी ते बुडनी, पन शिक्का मारी उनू.’ मजुरी बुडाली तर बुडाली, पण शिक्का मारून आले.

मोजणी झाली. उभ्या बाटलीच्या मतपत्रिका एका चिमटीत मावतील एवढ्या. बाकी सगळ्या आडव्या. आणि तरी आम्ही हरलो.

कारण आमच्या वेळी आदेशाप्रमाणे मोजलं ते झालेल्या मतदानावर नाही. वॉर्डाच्या यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत, त्या एकूण आकड्याच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागत होती. जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूची धरली गेली. आणि आली नाही म्हणजे कोण? लग्न होऊन नाशिकला, सुरतेला, पुण्याला गेलेल्या मुली, ज्यांची नावं माहेरच्या यादीत तशीच आहेत. वारलेल्या बायका. दोनदा छापलेली नावं. ऊसतोडीच्या फडावर असलेल्या. माझ्या स्वतःच्या सासूबाई जाऊन बराच काळ झाला होता, त्यांचं नाव यादीत होतं. ज्या बाईने उभा जन्म दारूपायी सोसलं, तिचं नाव त्या दिवशी दारूच्या दुकानाच्या कामी आलं. हे मी विसरू शकत नाही.

त्या संध्याकाळी घरी जेठ म्हणाले, ‘बायकांना खरंच नको असतं दुकान, तर आल्या नसत्या का सगळ्या? लोकांना या भानगडीत रस नसतो. पाच वर्षांनी एकदा निवडून द्यावं आणि निवडून दिलेल्याला काम करू द्यावं.’ ते स्वतः नगरसेवक होते, म्हणून हे बोलणं घरात शेवटचं मानलं गेलं. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. मोठ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. आता देते.

आप्पा, ज्या मापाने आमची मतं मोजली, त्या मापाने तुम्ही एकदाही निवडून आला नसता. तुमच्या वॉर्डात पाच-सहा उमेदवार असायचे, मतदान कधीच पूर्ण व्हायचं नाही, आणि जो पुढे तो विजयी. यादीतल्या एकूण नावांच्या निम्मी मतं तुम्हाला कधी पडली होती? या देशात आमदार-खासदारांनाही ती अट नाही. ती अट फक्त दारूचं दुकान बंद करू पाहणाऱ्या आम्हा बायकांना लागली.

आता तुमच्या स्वित्झर्लंडकडे येते. तिथल्या राष्ट्रीय मतदानात किमान हजेरीची अट नाही. जे आले त्यांच्यातलं बहुमत धरतात. संसदेने केलेल्या कायद्यावर 100 दिवसांत 50,000 सह्या जमल्या, तर तो कायदा मतदानाला टाकावा लागतो. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात 1995 पासून गावा-शहरांच्या पातळीवर सार्वमत आहे. तिथे अट आहे, पण माणसाने पाळता येईल अशी: ज्या बाजूला जास्त मतं, तिला एकूण मतदारांपैकी किमान 20 टक्क्यांचा पाठिंबा असावा, 50,000 वरच्या शहरांत 15 टक्के, लाखावरच्या शहरांत 10 टक्के. शहर मोठं तशी अट कमी, कारण मोठ्या शहरात सगळ्यांना गोळा करणं अवघड असतं हे त्यांना समजतं. म्युनिकने 2012 मध्ये विमानतळाची तिसरी धावपट्टी अशाच मतदानात नाकारली. हाच नियम आमच्या वॉर्डाला लावला असता तर त्याच संध्याकाळी दुकानाला कुलूप लागलं असतं. म्हणून मी म्हणते, लोक तयार आहेत का हे विचारायच्या आधी टक्केवारी कशाची काढताय ते विचारा.

स्वित्झर्लंडची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त पटते. तिथे पुष्कळ ठिकाणी ठरावीक रकमेच्या वरचा मोठा खर्च नगरपालिकेला मतदारांपुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे ते असतं तर? जळगाव नगरपालिकेने हुडकोकडून, म्हणजे घरबांधणीला कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीकडून, कर्ज घेतलं, त्याचा बोजा पुढे महापालिकेवर आला आणि वर्षानुवर्षं शहराच्या रस्त्या-गटारींचा पैसा हप्त्यांत गेला. तिथल्याच घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात 2019 साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी धरलं. लोकांना आधी विचारलं असतं तर लोकांनी शहाणाच निर्णय घेतला असता असा माझा दावा नाही. पण कर्ज किती, कशासाठी, कोण फेडणार, हे मतदानाच्या आधी चौकात बोललं गेलं असतं.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. माझं माहेर शिरपूर तालुक्यातलं खेडं. तिथे ग्रामसभा आहे. थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास आणला, तरी तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. म्हणजे माझी वहिनी सरपंचाला घरी पाठवायच्या निर्णयात मत देऊ शकते. मी नगरपालिकेत राहते म्हणून मला तो हक्क नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की लोक फटाके वाजवतात, आणि त्याच दिवशी त्यांची ग्रामसभा जाते. शहरांसाठी 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आणली, पण तुमच्या वॉर्डात क्षेत्रसभा भरलेली तुम्ही पाहिली आहे का? आमच्याकडे मी पाहिली नाही. पलीकडे मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलावण्यासाठी ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ अशा चिन्हांवर मतदान झालेलं आहे. आपल्याकडे नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हेच सरकार बदललं की बदलतं: 2016 ला थेट, 2020 ला रद्द, 2022 ला पुन्हा थेट. तिन्ही वेळा लोकांना विचारलं नाही. जळगाव आणि धुळे महापालिकांची मुदत 2023 मध्ये संपली, नंतर बराच काळ प्रशासकच होता. निवडून दिलेल्याला काम करू द्या म्हणणाऱ्यांनी तेव्हा कोणाला काम करू दिलं?

हे सगळं लिहून एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक प्रश्न मतदानाला टाकायचा नसतो. त्याच स्वित्झर्लंडमध्ये 1959 साली पुरुषांनी मतदान करून बायकांना मताधिकार नाकारला. देशपातळीवर तो मिळाला 1971 मध्ये. आपेनझेल इनररोडन या छोट्या प्रांतात तर 1990 पर्यंत पुरुष नाहीच म्हणत राहिले आणि शेवटी न्यायालयाने द्यायला लावला. आमच्याच गावात उद्या मतदान घेतलं की नदीकाठची झोपडपट्टी हलवायची का, तर तिथे न राहणारे हो म्हणतील आणि बहुमत होईल. एखाद्याचं घर, पाणी, देवळा-मशिदीत जाणं, यावर शेजाऱ्यांचं मत घ्यायचं नाही. पैसा, कर, रस्ता, परवाना, यावर घ्यायचं. ही रेघ आधी आखून घ्यावी लागेल.

तुमच्या वॉर्डात दुकानाचा प्रश्न असेल, म्हणून विचारलं असेल, तर एकच सांगते. सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या. गल्लीगल्लीने बसून वारलेल्या आणि दुबार नावांसाठी नमुना 7 भरा. लग्न होऊन गेलेल्या मुलींना फोन करून नव्या पत्त्यासाठी नमुना 8 भरायला सांगा. बीएलओच्या, म्हणजे तुमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, मागे लागा. नावं खरोखर कमी झाली की मगच अर्ज द्या, आणि तारीख वेचणीत, लग्नसराईत येऊ नये म्हणून लेखी विनंती आधीच जोडा. आमच्याकडे हे काम आता सुरू आहे. सासूबाईंचं नाव मी स्वतः काढून घेतलं.

आणि आप्पा हे वाचणार, त्यांची मुलगी त्यांना वाचून दाखवते मला माहीत आहे. त्यांनी त्यांच्या शेवटच्या निवडणुकीत मिळालेली मतं आणि वॉर्डाच्या यादीतली एकूण नावं, हे दोन आकडे इथे खाली लिहावेत. मग आपण बोलू.