प्रश्न तुमचे : ॲव्होकॅडोची बी, खुंट आणि घरचं कलम

पावसाळ्यात दक्षिणेतला ॲव्होकॅडो आपल्या बाजारात येतो आणि त्याची बी फेकवत नाही. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी ॲव्होकॅडोविषयीच्या निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दुकानातून आणलेल्या काळपट सालीच्या हॅस ॲव्होकॅडोची बी लावली होती. रोप दोन फूट झालंय. त्याला तशीच फळं येतील का? किती वर्षांनी? – वाचक, लातूर

उत्तर : तशीच येतील अशी आशा ठेवू नका. ॲव्होकॅडोच्या बीत सहसा एकच अंकुर असतो आणि तो परागीकरणातून आलेला असतो. म्हणून एकाच झाडाच्या दहा बिया लावल्या तर दहा निराळ्या गुणांची झाडं होतात. बीच्या झाडाला फळ धरायला पाच ते दहा वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसतं.

जगातली हॅसची सगळी झाडं कॅलिफोर्नियातल्या एकाच झाडापासून कलमाने वाढलेली आहेत. रुडॉल्फ हॅस यांनी १९२०च्या दशकात ती बी खुंटासाठीच, म्हणजे ज्यावर दुसऱ्या वाणाची काडी बांधायची त्या मुळाच्या रोपासाठी, लावली होती. त्यावर केलेली कलमं जगली नाहीत, म्हणून रोप तसंच वाढू दिलं गेलं आणि १९३५ मध्ये त्या वाणाचं पेटंट निघालं. असं भाग्य फारच थोड्या रोपांच्या वाट्याला येतं. तुमच्या रोपाकडे खुंट म्हणून पाहा आणि त्यावर खात्रीच्या वाणाची काडी बांधा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात लावलेल्या बियांतल्या निम्म्याहून जास्त कुजल्या. बी कोणत्या फळाची घ्यावी आणि कशी लावावी ते सविस्तर सांगावं. – एक भगिनी, बीड

उत्तर : ताई, आधी बीची निवड. मराठवाड्यात वाणापेक्षा खुंटाचा विचार जास्त करावा लागतो, कारण उन्हाळा आणि क्षाराचं पाणी सोसायचं असतं ते मुळांनी. ॲव्होकॅडोचे तीन वंश आहेत: वेस्ट इंडियन, ग्वाटेमाली आणि मेक्सिकन. क्षार सोसण्यात वेस्ट इंडियन सर्वांत काटक, मेक्सिकन सर्वांत नाजूक. मोठं, हिरवं, गुळगुळीत आणि पातळ सालीचं, चवीला कमी तेलकट फळ मिळालं आणि हलवल्यावर आत बी खुळखुळत असेल, तर ते बहुधा वेस्ट इंडियन किंवा त्याच्या संकरातलं असतं. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतून येणाऱ्या फळांत अशी फळं सापडतात. रोप उगवल्यावर पान चुरगाळून वास घ्या. बडीशेपेसारखा वास आला तर त्यात मेक्सिकन रक्त आहे. असं रोप खुंटासाठी शक्यतो वापरू नका.

ही बी वाळली की मेली. फळ कापल्यावर दोन-तीन दिवसांत लावा. ते जमत नसेल तर धुऊन, ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तिथे दोन-तीन आठवडे टिकते. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. जमिनीवर पडून सडलेल्या फळाची बीही घेऊ नका, कारण मूळकूज घडवणारी फायटोप्थोरा बुरशी तिच्यासोबत येते.

त्या बुरशीसाठी गरम पाण्याचा उपाय खात्रीचा आहे. ४९ ते ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बिया ३० मिनिटं ठेवायच्या. थर्मोकोलच्या पेटीत भरपूर पाणी घ्या, कारण थंड बिया टाकल्या की तापमान घसरतं. दुधाचा थर्मामीटर लावून ठेवा आणि लागेल तसं गरम पाणी घाला. ५२च्या वर गेलं तर बी शिजते, म्हणून अंदाजाने हे करू नये. नंतर थंड पाण्यात बुडवून सावलीत वरवर कोरड्या करा.

मग तपकिरी साल सोला. टोकाकडून साधारण अर्धा सेंटिमीटर आणि तळाकडून नखाएवढी पातळ चकती धारदार सुरीने कापा. यामुळे पाणी आत लवकर जातं आणि उगवण दोन-तीन आठवडे आधी होते. तळाकडून खोल कापू नका, अंकुर त्याच बाजूला दोन डाळिंब्यांच्या मध्ये असतो. कापलेला भाग तांबडा-नारिंगी होतो, ती कूज नव्हे.

पिशवी ८ × १२ इंचांची, तळाशी आणि बाजूंना भोकं असलेली घ्या. ६ × ९ च्या पिशवीत सोटमूळ तळाशी गुंडाळलं जातं आणि तो दोष झाडाला जन्मभर राहतो. चार भाग धुतलेलं कोकोपीट, तीन भाग जाड वाळू, दोन भाग तांबडी माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं गांडूळखत असं मिश्रण करा. कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते पावसाच्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन काढा. काळी माती घालू नका. तुमच्या बिया कुजण्याचं कारण बहुधा तेच असावं: काळी माती पाणी धरून ठेवते आणि बीला हवा मिळत नाही. कच्चं शेणखतही नको.

रुंद बाजू खाली, निमुळतं टोक वर, आणि वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर. उलटी लावली तरी उगवते, पण खोड वाकडं होतं आणि तो वाक कलमाच्या जागी नडतो. एकदा भरपूर पाणी देऊन निथळू द्या. नंतर वरचा इंचभर थर सुकल्याशिवाय पाणी नको. पिशव्या ५० टक्के शेडनेटखाली ठेवा आणि उंदरांपासून जपा. जुलै-ऑगस्टची आपली हवा उगवणीला अगदी योग्य असते, तीन ते सहा आठवड्यांत कोंब येतो. बी मधोमध फुटून दुभंगली तर घाबरू नका, उगवण अशीच होते. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर जोमदार एक ठेवा. पांढरंफट्ट रोप आलं तर काढून टाका, त्यात हरितद्रव्यच नसतं.

दहा कलमं हवी असतील तर पंधरा-सोळा बिया लावा.

प्रश्न : टूथपिक खोचून ग्लासातल्या पाण्यावर बी ठेवतात. ते चालेल का? – विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : उगवण बघायला छान आहे, खुंटासाठी नाही. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत हलवताना मोडतात. केलंच असेल तर मूळ दोन-तीन इंचांचं झाल्यावर लगेच पिशवीत लावा.

प्रश्न : रोपांच्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन करपतात. पाणी बोअरचं आहे. खत कमी पडतंय का? – वाचक, जालना

उत्तर : खत कमी पडत नाही, मीठ जास्त होतंय. जुन्या पानांचं टोक आधी करपतं आणि मग कडेने आत सरकतं, हे क्लोराइडचं लक्षण आहे. फळझाडांत ॲव्होकॅडो क्षारांना फार हळवा. पाण्याची तपासणी करून घ्या. विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) ०.९ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर नुसत्या त्या पाण्यावर रोपं वाढवू नका. मोसंबीवाल्यांना खुंटाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इथेही तसंच आहे, पण उत्तम खुंट असला तरी खारट पाण्याला मर्यादेपलीकडे तो तोंड देत नाही.

उपाय आपल्या छपरावर आहे. पिशवीतल्या दहा रोपांना हिवाळ्यात आठवड्याला साधारण १० लिटर पाणी लागतं. सप्टेंबरअखेर पन्हाळीचं पाणी धरून २०० लिटरचा पिंप भरून झाकून ठेवलात तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुरतं, आणि तोवर कलमंही धरलेली असतात. बोअरचं पाणी द्यावंच लागलं तर ते पावसाच्या पाण्यात मिसळून द्या आणि दर तिसऱ्या-चौथ्या वेळी पिशवीच्या तळातून थोडं वाहून जाईल इतकं द्या, म्हणजे साचलेले क्षार धुतले जातात. थोडं थोडं शिंपडलं की मीठ वरच राहतं. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी अजिबात नको, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.

पहिले दोन महिने रोप बीतल्या अन्नावर जगतं, त्याला खत लागत नाही. पुढे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. म्युरेट ऑफ पोटॅश कधीही वापरू नका, ते क्लोराइडच आहे. पालाश हवं असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती वेगळी गोष्ट: चुनखडीमुळे लोह मिळत नाही. अशा मातीत हिराकस टाकला तरी तो अडकून बसतो. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह लागतं.

प्रश्न : केशर आंब्याची कोय कलमं मी करतो. ॲव्होकॅडोला तीच पद्धत चालेल का? कधी करावं? – रोपवाटिकाधारक, नांदेड जिल्हा

उत्तर : हात तोच, वेळ निराळी. आंब्याची कोय पंधरा दिवसांची, पानं तांबूस असताना कापता. ॲव्होकॅडोला थोडं थांबा. रोप २० ते ३० सेंटिमीटर उंच आणि खोड पेन्सिलीएवढं, ६ ते ८ मिलिमीटर जाड हवं. बी अजून खोडाला चिकटलेली आणि टणक असते, तिच्यातला अन्नसाठा जोड भरायला मदत करतो. ती तोडू नका.

जुलैत लावलेली रोपं ऑक्टोबरमध्ये या अवस्थेला येतात आणि मराठवाड्यात तोच काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात आणि जोड रखडतो. मागे राहिलेली रोपं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. मार्चच्या मध्यानंतर करू नका, कोवळी फूट उन्हात टिकत नाही.

यशाची निम्मी बाजू काडीची. शेंड्याकडची, फुगलेल्या पण न फुटलेल्या डोळ्यांची, ८ ते १० सेंटिमीटरची काडी घ्या. कोवळी लवचीक काडी काळी पडते, जुनी करकरीत काडी उठत नाही. थंडीत घेतलेल्या काडीवर शेंड्याचा गोलसर, टपोरा डोळा बहुधा मोहोराचा असतो. अशी काडी कलमावरच फुलते आणि थकते. शेंडा खुडून खालच्या निमुळत्या डोळ्यांवर भर द्या. पानं देठाचा अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. काडी लांबून येणार असेल तर ओलसर कागदात आणि बंद पिशवीत, थंड ठेवून, आठवड्याभरात वापरा. वाण निवडताना बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या चेट्टळ्ळी केंद्राचा अर्का सुप्रीम किंवा तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा टीकेडी-१ विचारात घ्या, दोन्ही दक्षिण भारतात निवडलेले आहेत.

काडी ज्या झाडाची, त्याच्या फांद्यांवर लांब पिवळ्या रेषा किंवा फळांवर पिवळट खोलगट पट्टे असतील तर तिथली काडी आणि बी दोन्ही नको. तो सनब्लॉच रोग आहे, बीतून आणि ब्लेडमधूनही पसरतो. स्पिरिटने तो मरत नाही. झाड बदललं की ब्लेड एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवून पुसा.

खुंट जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर कापा, खाली तीन-चार पानं राहू द्या. आंब्याला पानं काढायची सवय असेल तर इथे मोडा, बिनपानाचा खुंट लवकर दम तोडतो. मधोमध अडीच-तीन सेंटिमीटर चीर द्या. काडीला तेवढीच लांब पाचर दोन्ही बाजूंनी एकेका सरळ कापात करा. पृष्ठभाग लहरी झाला तर आत पोकळी राहते. पाचर लगेच बसवा. जाडी जुळत नसेल तर एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडवा, मध्यावर ठेवलेली काडी कुठेच जुळत नाही. कलम बांधायची प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा. वरून पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घालून बांधा. ७५ टक्के सावलीत ठेवा. टोपीवर थेट ऊन पडलं तर आत काडी उकडते.

तीन ते पाच आठवड्यांत डोळे फुटतात. फूट टोपीला लागली की आधी टोपीचा कोपरा कापा आणि तीन-चार दिवसांनी संध्याकाळी ती काढा. खुंटावरची फूट दर आठवड्याला खुडा. पट्टी अडीच-तीन महिन्यांनी उभी चिरून काढा, विसरली तर खोडाला फास बसतो.

प्रश्न : काडी फुटली, दोन पानं आली आणि आठवड्यात माना टाकल्या. असं का? – वाचक, परभणी

उत्तर : जोड भरलाच नव्हता. काडीतल्या साठ्यावर आलेली ती फूट होती. पट्टी सैल असणं, साल न जुळणं किंवा टोपी घाईने काढणं ही नेहमीची कारणं. खुंट हिरवा असेल तर जोडाच्या खाली ताजा काप घेऊन पुन्हा बांधा, निदान दोन पानं शिल्लक हवीत. याउलट काडी दीड महिना हिरवी राहूनही फुटत नसेल तर तिला हात लावू नका, खुंटाची फूट तेवढी काढत राहा.

प्रश्न : शेतात काळी भारी जमीन आहे. घरापुरतं एकच कलम लावलं तर फळ लागेल का? – वाचक, धाराशिव

उत्तर : काळ्या जमिनीत खड्डा करून लावू नका. खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं आणि दोन दिवसांत मुळं गुदमरतात. मुरमाड उतार निवडा, नाहीतर मुरूम, माती आणि कंपोस्टचा दीड-दोन फूट उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून शेडनेट, खोडाला चुन्याचा हात आणि बुंध्यापासून वीतभर सोडून चार बोटं जाडीचं पाचटाचं आच्छादन द्या. लागवड जुलैत करा.

एका झाडाला थोडी फळं लागतात, कारण हवामानानुसार फुलांच्या वेळा काहीशा एकत्र येतात. पण ॲव्होकॅडोचं फूल दोनदा उमलतं आणि त्या वेळांवरून वाणांचे दोन गट पडतात. ‘ए’ गटात पहिल्या दिवशी सकाळी मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून. ‘बी’ गटात पहिल्या दिवशी दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन्ही गट जवळ असले की पराग वेळेवर मिळतो. हॅस, पिंकर्टन आणि रीड ‘ए’ गटातले, तर फुएर्टे, बेकन आणि एटिंगर ‘बी’ गटातले. जागा एकाच झाडाची असेल तर कलम दोन वर्षांचं झाल्यावर त्याच्या एका बाजूच्या फांदीवर दुसऱ्या गटाची काडी याच पाचर पद्धतीने बांधा आणि छाटणी करताना ती फांदी कापली जाऊ नये म्हणून तिला रंगाची खूण करून ठेवा.