पैशाचं आधी बोल

अगं, तुझा मेल वाचला. नोकरी सोडू का, हे त्यात पाच ठिकाणी विचारलंयस आणि कादंबरीचे पैसे किती मिळणार हे एकदाही नाही. मला तेच खटकलं. जिल्हा बँकेत बसून दिवसभर लोकांच्या व्याजाचे हिशेब करणारी मुलगी तू, आणि स्वतःच्या पुस्तकाचा विषय निघाला की ‘ताई, पैशाचं कसं विचारायचं, बरं दिसत नाही’. का बरं दिसत नाही? घरी पंखा दुरुस्त करायला येतो तो माणूस शिडीवर चढायच्या आधी दर सांगतो, त्याचं आपल्याला काही वाटत नाही ना.

तू चांगलं लिहितेस, हे काही मी सांगत बसत नाही. मराठी वाचक संपला का वगैरे चर्चाही नको, ती ज्यांना मानधनावर बोलवतात त्यांनी करावी.

नोकरी सोडू नकोस. संपला विषय. तरी हिशेब मांडून दाखवते, कारण तुला आकडे कळतात. कादंबरी 300 रुपयांची धर. रॉयल्टी 10 टक्के, म्हणजे प्रतीमागे 30 रुपये. पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती निघायची, आता बरेच जण 500चीच काढतात, कोणी तर मागणी येईल तशा छापतात. 500 सगळ्या खपल्या तर 15 हजार. खपायला दोन वर्षं लागली (आणि लागतात!) तर महिन्याला सव्वासहाशे रुपये, तुझ्या लॅपटॉपच्या चार्जरचे पैसे सुटायला किती महिने लागतील ते तूच काढ. आणि यात प्रकाशक चोर आहे असं मी अजून धरलेलंच नाही, प्रामाणिक प्रकाशकाचा हा हिशेब आहे, दुकानदार आणि वितरकाचं कमिशन, कागद, छपाई जाऊन त्याच्याही हातात फार उरत नाही. मराठीत मोठमोठ्यांनी नोकऱ्या केल्यात. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट. त्यांचं लिखाण त्यामुळे कमी कसाचं झालं असं मला तरी कोणी सांगितलेलं नाही.

आणि दुसरीकडे अण्णा भाऊ साठे. तिसाहून जास्त कादंबऱ्या, त्यांच्यावर सिनेमे निघाले, आणि आयुष्याची किती वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत गेली. 1969ला गेले तेही हलाखीतच. यावर लोक भाषणात गहिवरतात. मला गहिवर येत नाही, राग येतो. माणूस एवढं लिहून जातो आणि पैसा भलतीकडेच जातो, त्याला आपण त्याग म्हणायचं?

म्हणून सांगते, पैशाचं आधी बोल. आणि जे बोललीस ते लेखी घे. फोनवर ‘बघू, करू, तुमचं काही बुडवणार नाही’ याला काही अर्थ नाही, मेल टाकून मागून घे.

आता लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांच्या त्या 45 हजारांच्या पॅकेजबद्दल, जे तुला आलंय. त्यांनी लिहिलंय की यात आयएसबीएन, मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ आणि लेखकाला 50 प्रती. पोरी, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो आपल्या देशात सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. फुकट! जो माणूस फुकटच्या गोष्टीचे पैसे लावून यादी लांबवतो त्याची बाकीची यादी मी वाचतही नाही. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण मग ते सरळ स्वतः काढ, प्रेसवाल्याशी स्वतः बोल, किंवा किंडलवर टाक, तिथे मराठी चालतं. खर्च तुझा आणि हक्क त्यांचे, हा कुठला व्यवहार? तुमच्या बँकेत असा कर्जदार आला तर मॅनेजर त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

हक्कांचं नीट ऐक, इथे झोपू नकोस. करारात बहुतेक एक ओळ असते, ‘सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील’. ती ओळ छापील असते म्हणून आपल्याला वाटतं ती देवाने लिहिलीये. 1957चा कॉपीराइट कायदा म्हणतो की हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि करारात मुदतच लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरायची. म्हणजे कायद्यानेही ‘कायमचं’ असं गृहीत धरलेलं नाही, ते आपण सही करून देतो. आणि कॉपीराइट लेखक गेल्यावरही 60 वर्षं चालतो, तुझ्या नातवंडांचा विषय आहे तो. माझ्या कथासंग्रहाच्या वेळी मी ती ओळ पेनाने खोडली, वर ‘फक्त मराठी छापील आवृत्ती, 5 वर्षं’ असं लिहिलं आणि शेजारी सही केली. समोरचे गृहस्थ चष्मा कपाळावर घेऊन माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी त्यांच्या टेबलावर चप्पल ठेवलीये. मग म्हणाले, बाई, तुमच्या गोष्टी कोण रेडिओवर लावणारे? पण केली त्यांनीही सही. पुढे ऑडिओबुकवाले मराठीत आले, त्या गोष्टींचे पैसे सरळ माझ्या खात्यात आले, आणि त्या एका ओळीने मला अख्ख्या पुस्तकाच्या रॉयल्टीपेक्षा जास्त दिलंय. हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो हे मान्य.

मग लेखनावर जगता येतं का? कादंबरीवर नाही. लेखनावर येतं, माझं घर चाललं. पण कशावर चाललं ते ऐक. मालिकांचे संवाद. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद आपले. सकाळी सीन येतात, संध्याकाळी शूट लागलेलं असतं, आधी तयार करून ठेवलेल्या एपिसोडची बँक कधीच नसते. पैसे एपिसोडवर, बिल दिल्यावर साधारण 90 दिवसांनी, म्हणजे दिवाळीत लिहिलेलं संक्रांत उलटल्यावर मिळणार. टीआरपी पडला की पहिला बदलतो तो लेखक, नायिकेला हात लावत नाहीत. भाषांतरं केली, शब्दावर दर ठरवून. आणि स्मरणिका! पतसंस्थांचे रौप्यमहोत्सव, कारखान्याच्या संस्थापकांचं चरित्र, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी (त्यांना सगळ्यांना लहानपणी नदी पोहून शाळेत जावं लागलेलं असतं). त्यावर माझं नावही नाही. पण त्या लोकांनी अर्धे पैसे आगाऊ दिले, ज्यांना साहित्याशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनी. साहित्यावर प्रेम असलेल्यांनी मला हार आणि नारळ दिला.

तू लिहिलंयस की ‘ताई, तुमच्याबद्दल लोक काही काही बोलतात’. माहितीये. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी कथा देण्याआधी मानधन विचारलं, ते म्हणाले अंक पाठवू की दोन. मी म्हटलं, जाहिरातदाराला पण अंकच देता का, की त्याच्याकडून चेक घेता? त्यानंतर बोलावणं बंद. चांगला माणूस होता, आम्ही एकमेकांकडे जेवलेलो. आता समोरून आले तर फुटपाथ बदलतात. हिशेबी बाई, व्यावसायिक झाली, हिची ती मोठी कादंबरी कुठंय मग, असंही म्हणतात. नाहीये. ती कादंबरी झाली नाही, दीडशे पानं कपाटात आहेत आणि ती आता मी लिहीन असं मलाही वाटत नाही. पण ती पैसे मागितल्यामुळे राहिली असं म्हणत असतील तर ते साफ खोटं आहे. जे फुकट लिहीत राहिले त्यांच्या तरी कुठे झाल्या? माझ्या पोरीचं इंजिनीअरिंग झालं, आईचं डायलिसिस झालं, कोणाकडे हात पसरला नाही. आणि मी मागितलं म्हणून त्याच अंकात माझ्यानंतर आलेल्या दोघा-तिघांना मानधन मिळायला लागलं, ते येऊन मला सांगत नाहीत, कळतं मला.

जाऊ दे. चिडायला नको, तुझा काय दोष.

पुरस्काराच्या भरवशावरही राहू नकोस. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 50 हजारांचा असतो, वय 35च्या आत, मराठीला वर्षाला एक. मिळाला तर उत्तमच, पण घराच्या बजेटमध्ये धरायची ती रक्कम नाही. रॉयल्टीवर जुन्या करपद्धतीत 3 लाखांपर्यंत वजावट मिळते, तीही लक्षात ठेव, आणि तेवढी रॉयल्टी ज्या वर्षी होईल त्या वर्षी मला पेढे पाठव. कंदी पाठव.

तर आता कर काय. पॅकेजवाल्यांना नाही म्हणून कळव, कारणं देत बसू नकोस. दुसऱ्या प्रकाशकाने होकार दिलाय म्हणतेस, त्यांना मेल कर की रॉयल्टी किती टक्के, छापील किमतीवर की कमिशन जाऊन हातात येणाऱ्या रकमेवर (यात फार फरक पडतो), हिशेब वर्षातून कधी देणार, न खपलेल्या प्रतींचं काय करणार आणि करार किती वर्षांचा. ते नाराज होतील अशी भीती वाटत असेल तर वाटू दे, मेल तरी पाठव. दिवाळी अंकाची कथा मानधन कळल्याशिवाय द्यायची नाही, पाचशे म्हणाले तरी चालेल, पण आकडा आधी आला पाहिजे. करार आला की सही करायच्या आधी मला पीडीएफ पाठव, फोटो काढून नको, माझ्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि कादंबरीत ती मावशी बसस्टँडवर डबा उघडते तिथपर्यंत मी जागची उठले नाही. पण चौथं प्रकरण काढून टाक, ते तू कोणालातरी दाखवायला लिहिलंयस.