मागची लिंकेज ठेवावी की काढावी?

प्रश्न : माझ्या स्पोर्ट एटीव्हीची (कच्च्या रस्त्यांवर चालवायची चारचाकी बाईक) मागची लिंकेज, म्हणजे सस्पेन्शनमधली सांध्यांची जोडणी, खडखडते. दुरुस्त करू, की काढून शॉक (धक्के शोषणारा शॉक अब्सॉर्बर) थेट स्विंगआर्मला (मागची चाकं धरणारा, वरखाली हलणारा दांडा) जोडू?

उत्तर : उड्या मारत असाल तर लिंकेज ठेवाच. चाक वर जाईल तसा तिच्यामुळे शॉक अधिकाधिक वेगाने दबतो. सुरुवातीला मऊ, शेवटी कडक. थेट जोडणीत हे काम दुहेरी-तिहेरी स्प्रिंगवर (वेगवेगळ्या कडकपणाच्या, एकावर एक बसवलेल्या) येतं. शिवाय जुना शॉक तिथे चालत नाही, कारण लांबी, स्प्रिंग, व्हॉल्व्हिंग (शॉकमधल्या तेलाचा प्रवाह आवरणाऱ्या झडपा) सगळंच वेगळं लागतं. फायदा एवढाच, की दगडांवर आपटणारा आणि सतत ग्रीस मागणारा भाग जातो.

आधी शॉक काढून स्विंगआर्म हाताने वरखाली करा आणि खडखडणारा सांधा शोधून उघडा. बुशवर (सांध्यातली धातूची नळी) नीडल बेअरिंगच्या (सुईसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग) रेघा नखाला लागल्या, तर बुश, बेअरिंग, सील एकदमच बदला. जुन्या बुशवर नवं बेअरिंग टिकत नाही.