अंधारात चमकणारा रंग आणि रात्रीची धावपट्टी

प्रश्न : आमच्या वापरातील लहान धावपट्टीजवळ वीज नाही. तातडीच्या रुग्णाला हलवण्यासाठी तेथे कधी रात्रीही विमान उतरवावे लागेल, अशी शक्यता असते. दिवसा ऊन शोषून रात्रभर चमकणारा रंग कडांना लावला, तर दिव्यांवाचून भागेल का? हा रंग जुन्या घड्याळांतील रेडियमसारखा घातक तर नसतो ना?

उत्तर : आधी दुसऱ्या शंकेचे निरसन करतो, कारण ते सोपे आहे. आज बाजारात मिळणाऱ्या अशा रंगात बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते आणि त्यात युरोपियम व डिस्प्रोसियम यांचा अंश मिसळलेला असतो. 1990 च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेले हे द्रव्य किरणोत्सारी नाही. अतिनील व निळ्या प्रकाशातील ऊर्जा त्याच्या स्फटिकात अडकून राहते आणि हळूहळू हिरवट प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. घड्याळांवरचा रेडियमयुक्त रंग मात्र किरणोत्सारामुळे चमकत असे आणि त्याने तबकड्या रंगवणाऱ्या कामगार स्त्रियांचे बळी घेतले. या दोन रंगांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. केवळ या रंगाच्या भरवशावर रात्री विमान उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागचे गणित आपणही करून पाहू शकता. उत्तम प्रतीचा रंग उन्हात पुरता भारला गेला, तरी अंधार पडल्यावर तासाभराने त्याची दीप्ती दर चौरस मीटरला साधारण 30 मिलिकॅन्डेला उरते (कॅन्डेला हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक, आणि मिलिकॅन्डेला हा त्याचा हजारावा भाग). 10 मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद पट्टा, म्हणजे 3 चौरस मीटर रंग, नेमका वरून पाहिला तर त्याची तीव्रता 90 मिलिकॅन्डेला भरेल. परंतु वैमानिक तो वरून पाहत नाही. तो सुमारे 3 अंशांच्या उताराने खाली येत असतो, आणि त्या कोनातून जमिनीवरचा सपाट पट्टा आक्रसून जेमतेम एकोणिसाव्या हिश्श्याएवढा दिसतो. म्हणजे हाती उरतात सुमारे 5 मिलिकॅन्डेला. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, आसपास इतर दिवे नसलेल्या विमानतळावरही धावपट्टीच्या कडेच्या एका दिव्याची तीव्रता 25 कॅन्डेलांपेक्षा कमी चालत नाही. फरक सुमारे पाच हजार पटींचा आहे, आणि तोही रात्रीच्या पहिल्याच तासाचा. पुढे ही दीप्ती साधारण काळाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते. त्यामुळे आपल्याला नेमकी गरज पडेल त्या मध्यरात्रीनंतरच्या वेळी तिचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा शिल्लक असतो.

डोळ्याचीही एक मर्यादा येथे आड येते. अतिशय मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी नसतात, म्हणून असा पट्टा नजर किंचित बाजूला वळवली तरच जाणवतो आणि त्याच्याकडे थेट पाहताच हरवतो. कॉकपिटमधील उपकरणांच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांनी, उंचीचा अंदाज घेत असताना, अशा खुणेवर विसंबणे धोक्याचेच आहे. जाहिरातींतील लखलखीत छायाचित्रे पाहून भुलू नये. कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवला की मंद रंगही झळाळताना दिसतो.

रस्त्यांवर याचे प्रयोग झाले आहेत. नेदरलँड्समधील ओस गावाजवळ 2014 मध्ये सुमारे 500 मीटर रस्त्याच्या कडा अशा रंगाने आखल्या गेल्या, पण थोड्याच काळात ओलाव्याचा त्रास जाणवला. तेथे तर पाहणारा रस्त्यावरच, काही मीटरांवर होता. धावपट्टीसाठी अलास्कात 1980 च्या दशकात ट्रिटियम वायूच्या स्वयंप्रकाशी दिव्यांची चाचणी झाली होती. त्यांना ऊन वा वीज लागत नाही, मात्र ट्रिटियम किरणोत्सारी असल्यामुळे ते कोणालाही सहज वापरता येतील असे नाहीत.

आपल्यासाठी योग्य मार्ग म्हणजे सौरऊर्जेवर किंवा बॅटरीवर चालणारे, उचलून मांडता येणारे एलईडी दिवे. कडांना पांढरे, उतरण्याच्या टोकाला हिरवे आणि शेवटच्या टोकाला लाल दिवे असतात. कडेच्या दोन दिव्यांतील अंतर, उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नसलेल्या धावपट्टीवर, 100 मीटरांपेक्षा अधिक नसावे. जोडीला धावपट्टीवरील खुणांच्या साध्या पांढऱ्या रंगात बारीक काचमणी मिसळून घ्यावेत. विमानाचा स्वतःचा दिवा त्यांवर पडला की प्रकाश वैमानिकाकडेच परततो. अर्थात, आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेची मान्यता मिळाल्याखेरीज रात्रीचे उड्डाण सुरू करू नये.

चमकणारा रंग मात्र टाकाऊ नाही. अनेक प्रवासी विमानांत आणीबाणीच्या वेळी दाराची वाट दाखवणाऱ्या, जमिनीलगतच्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडे दिव्यांची पेटी, अग्निशामक, पायऱ्यांच्या कडा, विमान उभे करण्याच्या जागेकडे जाणारी पायवाट यांवर तो लावावा. काही पावलांवरून पाहणाऱ्याला तो उशिरापर्यंत दिसतो.

लावताना खाली पांढऱ्या रंगाचा थर अवश्य द्यावा, म्हणजे खाली जाणारा प्रकाशही वर परततो. रंगद्रव्याचे कण जड असल्याने ते डब्याच्या तळाशी बसतात. काम चालू असताना अधूनमधून ढवळत राहावे, पण लोखंडी पट्टीने नव्हे, कारण हे कठीण कण धातू खरवडतात आणि रंग काळवंडतो. कोरडे झाल्यावर पाणी आत शिरू न देणारा पारदर्शक थर चढवावा, कारण ओलाव्याने हे द्रव्य विघटित होते. तो थर निवडताना डब्यावरचा मजकूर वाचावा : अतिनील किरण अडवणारे वॉर्निश घेतले, तर खालचा रंग उन्हात नीट भारलाच जाणार नाही.