दहा प्रश्न, अकरा गुण

प्रश्न : कारखान्यातील आरोग्य तपासणीत माझ्या यजमानांना मद्यपानाविषयी दहा प्रश्न विचारले आणि ११ गुण दिले. ते व्यसनी ठरले का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या प्रश्नावलीत कमाल ४० गुण असतात. ८ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपान सुचवतात, तर २० पासून पुढे अवलंबित्वाच्या शक्यतेमुळे सविस्तर तपासणी आवश्यक ठरते. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. शिवाय नोकरीच्या ठिकाणी माणूस सहसा कमीच सांगतो, आणि एका ‘ड्रिंक’मध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल धरलेले असताना घरचा पेग त्याहून बराच मोठा असू शकतो, म्हणून हीच प्रश्नावली कुटुंबाच्या डॉक्टरांकडे पुन्हा मोकळेपणाने भरावी. ११ गुणांना बहुधा समुपदेशनपर सल्ला पुरतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम थांबवू नये.