आजी सांगते म्हणजे खरं?

प्रिय सई,

काल व्हिडिओ कॉलवर आजी पानशेतच्या पुराचं सांगत होती. १२ जुलै १९६१. धरण फुटलं, नदी पुण्याच्या पेठांत शिरली आणि त्यांच्या वाड्याच्या जिन्याला सातव्या पायरीपर्यंत पाणी लागलं. नंतर तू विचारलंस, "बाबा, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. मग आजी म्हणते म्हणून खरं? शाळेत तर आम्हाला पुरावा मागतात." मी नुसतं "आजी खोटं कशाला बोलेल" म्हणून मोकळा झालो. रात्री ते उत्तर मला फार अपुरं वाटलं.

'बाबा वाक्यं प्रमाणम्' असं आपल्याकडे म्हणतात ते डोळे मिटून मान डोलावणाऱ्याला. मी तसं करायला सांगत नाहीये. पण 'प्रमाण' हा शब्द मोठा आहे. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळण्याचं साधन. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या एका जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात, अशी चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष (स्वतः अनुभवणं), अनुमान (खुणेवरून तर्क), उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द (दुसऱ्याचं सांगणं). शब्दाची व्याख्या गौतमाच्या न्यायसूत्रात दोनच पदांची आहे: 'आप्तोपदेशः शब्दः'. आप्ताचं सांगणं.

आता मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेत 'आप्तेष्टांसह' असतं ना, तेच. न्यायात मात्र नात्याचा संबंध नाही. न्यायसूत्रावर टीका लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आपल्या भाष्यात लिहिलंय की ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू. मला हे वाक्य अतिशय आवडतं. तुझ्या विज्ञानाच्या बाई, बसचा ड्रायव्हर, कुणीही आप्त असू शकतं.

म्हणजे आजी वयाने मोठी म्हणून आप्त नाही. पुराच्या बाबतीत ती आप्त आहे, कारण ती त्या जिन्यावर उभी होती. तीच आजी कुणीतरी पाठवलेला मधुमेहावरचा काढा सांगते, तेव्हा नाही. तिथे डॉक्टरांना विचारायचं.

तुझी शंकाही जुनीच आहे, बरं का. चार्वाक नावाच्या जुन्या जडवादी विचारवंतांनी प्रत्यक्षाखेरीज काही मानलं नाही. वैशेषिक (आणखी एक जुनं दर्शन मानणारे) आणि बौद्ध म्हणत, शब्द हे वेगळं साधन नव्हेच. सांगणारा भरवशाचा आहे यावरून आपण अनुमान करतो, इतकंच. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, ते पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. आजी बोलत होती तेव्हा तू अनुमान करत बसली नव्हतीस. तुला पायऱ्यांवरचं पाणी दिसायला लागलं होतं. तुझी जन्मतारीख तरी तुला कशी माहीत? आईने सांगितली म्हणूनच. जन्मदाखलासुद्धा कुणीतरी लिहिलेला शब्दच.

तर रविवारी आजीला विचार: सातवी पायरी तू स्वतः मोजलीस, की मागाहून कुणी सांगितलं? इतकी वर्षं ऐकतोय, पण हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

तुझा,
बाबा